खडीच्या वाटेवरचं माझं लग्न

आमच्या जावा बेटावरच्या प्रोगो नदीच्या खोऱ्यातली वाट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही! हे मी छाती पुढे काढून सांगतो. बांधावरची खडी कुठे सुटी आहे, बांबूच्या पुलाची कुठली पट्टी करकरते, कुणाचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुणाचं थेट पोटरी धरतं, सगळं पाठ! उभा जन्म मी या वाटेनं काळी लोखंडी सायकल हाणली. मागे कॅरिअरवर उशी, उशीवर माझी बायको सुमिराह आणि तिच्या मांडीवर बाजारात विकायच्या तेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, टोपली. पाटाच्या दरवाजापाशी एक चढ आहे, माडाला लावलेल्या शिडीसारखा उभा! त्या चढावर मी एकदाही पाय टेकला नाही. तेसुद्धा बायको मागे असताना!

सुमिराह गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. उशी मी अजून काढलेली नाही.

तर आमच्या गावचे प्रमुख, पाक लुराह पूर्वोको ('पाक' म्हणजे 'राव'), यांच्या मनात आलं की ही वाट रुंद करून सिमेंटची करायची. म्हणजे मोटारसायकली सुसाट जातील, वाळूचे ट्रकही जातील. त्या वाटेनं जाताना मला अजून मागून सुमिराहचं बोलणं ऐकू येतं. ट्रक आल्यावर कसं ऐकू येणार? पण हे काही गावाच्या बैठकीत सांगता येत नाही. म्हणून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पर्यटन!"

जोगजा शहरात दामार नावाचा एक तरुण आहे. जाड टायरच्या सायकली घेऊन त्याची टोळी गाड्या नसलेल्या खडीच्या वाटा शोधत हिंडते. आम्ही जन्मभर त्या खडीला शिव्या दिल्या आणि ही मंडळी तिच्यासाठी पहाटे उठून येतात! मी त्याला आमची वाट सांगितली. तो खूश.

"चढ आहेत का, पाक कर्सोनो?"

"कसला चढ! मी बायकोला बसवून चढलोय!"

पाक लुराहनी अट घातली. "रविवारी येऊ देत तुमची माणसं. त्यांना आवडली तर वाट आहे तशी राहील, मोटारसायकलसुद्धा बंद करतो. नाही आवडली तर सोमवारी सिमेंट!"

आता प्रश्न खुणांचा. वाटेला फाटे इतके, की नवखा माणूस कुणाच्या तरी गोठ्यातच जायचा. दामारनं बजावलं होतं, झाडाला खिळे नकोत, रंग नको, प्लास्टिक नको. मी विचार केला आणि मला एकदम सुचलं. जानुर! माडाची कोवळी पिवळी पानं! सुमिराह पंचक्रोशीतल्या लग्नांसाठी ती पानं विणायची. पक्षी, पंखे, काय वाट्टेल ते. मला तिनं फक्त टोळ शिकवला होता. तोही माझा एका बाजूला कलंडतो.

आमच्याकडे लग्नघराच्या वळणावर जानुर बांधतात, पाहुणे ती बघत बघत मांडवात पोचतात. हे मला कळत नव्हतं असं समजू नका! पण महिना होता सुरो. सुरोमध्ये जावाचा माणूस लग्न करत नाही. वेडासुद्धा करत नाही. म्हणजे गैरसमजाला जागाच नाही! माझ्या हुशारीवर मीच खूश झालो.

शनिवारी मी वळणावळणावर टोळ बांधत चाललो होतो. तेवढ्यात शेजारचा जुमादी आला. हा माणूस कुजबुजला तरी नदीपलीकडे ऐकू जातं.

"काय हो, कसली तयारी?"

"उद्या जोगजाहून पाहुणे येणारेत. पन्नास!"

"आणि जेवणखाण?"

"बु पोनिराहकडे. तिच्याच अंगणात मांडव टाकलाय."

बु पोनिराह, म्हणजे पोनिराहबाई, वाटेच्या शेवटी पेचेल विकते, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या. हाताला चव आहे, अंगण मोठं आहे आणि ती विधवा आहे. या तिसऱ्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता.

जुमादीनं टोळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "अहो, पण सुरो चालू आहे!"

"म्हणूनच तर!" मी म्हणालो. "गर्दी नको आपल्याला."

तो डोळे पुसत निघून गेला. मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला असेल.

रविवारी सकाळी ठेवणीतला बाटिकचा सदरा घालून मी बु पोनिराहच्या अंगणात खुर्च्या मांडत होतो. तेवढ्यात फटफट आवाज आला. एक मोटारसायकल, दोन, पाच! मागच्या सीटवर नटूनथटून बायका, मांडीवर तांदूळ, साखर, शेवयांच्या टोपल्या. माझ्या कलंडलेल्या टोळांमागून बरोब्बर वाट काढत सगळे आले!

"काय भीती वाटते का, पाक?" एकीनं माझा हात धरून विचारलं.

"भीती कसली? सवय आहे मला!"

बायकांनी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावला.

मग टेम्पोतून जुमादी आला. कपाटाएवढे दोन कर्णे घेऊन! "माझ्याकडून आहेर!" तो ओरडला आणि गाणी सुरू झाली. कोंबड्या छपरावर चढल्या.

"अरे, कशाचा आहेर?"

"लपवता कशाला? आख्ख्या खोऱ्याला कळलंय! सुरोमध्ये लग्न करायचं म्हणजे माणसाला केवढी घाई असेल! असं लग्न पुन्हा बघायला मिळणार आहे का? सगळे येतायत!"

माझ्या हातातली खुर्ची माझ्याच पायावर पडली. एका पायावर नाचत मी ओरडलो, "मी लग्न करत नाहीये!" पण कर्ण्यापुढे माझं कोण ऐकतो? लोकांना वाटलं, नवरदेव आनंदानं नाचतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या!

आणि त्या टाळ्यांमधून माझी मुलगी रेत्नो आली. सेमारांगहून, पहिल्या बसनं, रडत. तिला कुणी कळवलं हे सांगायला नको. कदाचित फोनसुद्धा लागला नसेल, जुमादी नुसता बोलला असेल.

"बापाक! आईचा हजाराव्या दिवसाचा विधीसुद्धा व्हायचाय हो!"

"रेत्नो, अगं, या सायकलीच्या खुणा आहेत!"

"लग्नाला सायकली कशाला?"

इतक्यात बांधावर आरडाओरडा झाला. आम्ही सगळे धावलो. गाड्या नसलेली माझी ती वाट! तिच्यावर पुलापासून पाटापर्यंत मोटारसायकली, अंगाला अंग लावून, आठवडी बाजारातल्या बदकांसारख्या. त्यांच्या मागे घट्ट कपड्यातले पन्नास सायकलवाले अडकलेले. आणि मागून भोंगा वाजवत, झळझळीत पोशाखात, बायकोला मागे बसवून पाक लुराह! त्यांना काही थांबायची सवय नाही. कडेकडेनं घुसायला गेले. तिथली खडी सुटी आहे. मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. गाडी घसरली ती थेट पाटात!

बायको वेळेत उडी मारून उतरली. पाक लुराह मात्र गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले, डोक्यावर शेवाळ घेऊन. कुणी हसेना. हसायची हिंमतच नव्हती. शेवटी त्यांची बायकोच हसली, मग सगळं खोरं हसलं!

त्या हशात बु पोनिराहनं जाऊन कर्ण्यांची तार उपटली. हातात झारा घेऊन ती बांधावर उभी राहिली.

"माझं लग्न आहे आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही! विचारलं असतं तरी नाही म्हणाले असते. या माणसाच्या सायकलवर मागे जागाच नाही. तिथे सुमिराह बसलीय अजून. आता जेवायला चला, पेचेल गार होतंय!"

रेत्नोनं माझा हात धरला.

मग काय, सायकलवाले, वऱ्हाडी, सगळे एका पंगतीला बसले. धापा टाकत दामार माझ्याशेजारी आला.

"पाक, वाट फार सुंदर आहे! पण अशी गर्दी रोज असते का?"

"नाही रे. फक्त माझ्या लग्नात."

"आणि तो पाटाजवळचा चढ! आमच्यातले निम्मे उतरून चालले. तुम्ही खरंच बायकोला घेऊन चढायचात?"

"एकदाही पाय टेकला नाही!" मी म्हणालो.

पाक लुराह समोर बसले होते, बु पोनिराहची लुंगी गुंडाळून. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि भाताकडे बघत जाहीर केलं, "ही वाट मोटारसायकलीच्या लायकीची नाही! उद्याच पाटी लावतो. सिमेंट रद्द!"

वाट वाचली!

संध्याकाळी रेत्नोला उशीवर बसवून मी घरी निघालो. वाट मोकळी, भातावर ऊन तिरपं, टोळ सगळे सुकलेले. चढ आला. मी दात आवळून पायडल मारलं. चार हात गेलो असेन. सायकल थांबली, मग मागे सरकायला लागली!

"शहरात जाऊन जाड झालीस तू!" मी ओरडलो.

रेत्नो उतरून हसायला लागली. "बापाक, तुम्हाला खरंच माहीत नाही? आई इथे कायम उतरायची!"

"काहीतरीच! अगं, पूर्ण चढभर ती माझ्याशी बोलत असायची!"

"म्हणून तर बोलायची! टोपली डोक्यावर घ्यायची, एका हातानं कॅरिअर ढकलायची आणि तोंड चालू ठेवायची. वर पोचलं की टुणकन बसायची. मी पुढच्या दांडीवर बसून सगळं वळून बघायची. 'बापाकला सांगू नकोस, फार खूश असतो तो इथे,' म्हणायची."

मी सायकलवरून उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा तो चढ पायी चढलो. सायकल मी धरली होती, मागून रेत्नो ढकलत होती आणि बोलत होती.

दामारला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.