सोमवारी काढलेला फोटो

सोमवारी सीतालक्ष्मी मौन पाळायची, आणि तिच्या नवऱ्याला, कृष्णमूर्तिरावांना, आठवड्यात तोच दिवस सर्वांत प्रिय होता. कुंभकोणममधले लोक त्यांना ‘सार’, म्हणजे सर, म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं उठणं, बसणं, टॉवेल वाळत घालणं, सगळंच तिला चुकीचं वाटे आणि ती तसं बोलून दाखवी. सोमवारी मात्र घर शांत. सार पेपर जाहिरातींसकट वाचत आणि दुसऱ्या कॉफीत बिनधास्त साखर घालत. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला बोललेला नवस आहे, एवढंच तिने सांगितलं होतं. जास्त खोलात शिरून मोडता कशाला घाला, म्हणून सारांनीही विचारलं नव्हतं.

सुट्टीत ते गल्लीतल्या मुलांना मोबाइलवर फोटो काढायला शिकवत. हसा म्हणून काढलेला फोटो हा नुसता दातांचा फोटो, असं ते सांगत. माणसं गप्पांत बुडाली की मग काढा. फोटोखाली जागा आणि वार लिहायचा, हाही त्यांचाच नियम. शनिवारी भजनमठात या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी त्यांतल्या शरण्याने आपला फोटो आणून दिला आणि सारांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला.

तळ्याच्या पायरीवर सीतालक्ष्मी. एक हात हवेत, दुसरा शेजारीण अलमेलूच्या गुडघ्यावर, तोंड सताड उघडं. आणि अलमेलू हसून हसून डोळे पुसते आहे. खाली गोल अक्षरांत लिहिलेलं: महामहम तळं, सोमवार.

फोटो अप्रतिम होता, हीच पंचाईत. तो भिंतीवर लागला की गावासमोर नवस मोडणार, आणि मोडलेलं मौन बायको पुढे कशाला पाळेल? म्हणजे सोमवारही गेला.

सारांनी दुसरा एखादा फोटो आणायला सुचवून पाहिलं.

“दुसऱ्यांत सगळे कॅमेऱ्याकडं पाहतात, सार,” शरण्या म्हणाली. “तसला नको म्हणून तुम्हीच शिकवलात.”

पोरीची मेहनत नाकारणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. त्यांनी फोटो खांबामागे लावला. तिथे उजेड नाही म्हणून मुलांनी तो दाराशी आणला. मग सारच त्याच्यापुढे पाठ करून उभे राहिले. सार काहीतरी झाकताहेत म्हटल्यावर जो तो तिथेच डोकावू लागला, आणि गर्दी पाहून सीतालक्ष्मीही आली.

“सरका,” ती म्हणाली. सार सरकले.

तिने फोटो पाहिला, खालचा वार वाचला आणि तिचा चेहरा पडला. नवऱ्याला तिने कोपऱ्यात ओढलं आणि घरच्या जुन्या मराठीत म्हणाली,

“तुम्हांस वाईट वाटेल म्हणून सांगितलें नाहीं. मौन सगळ्यांशीं नव्हे.”

“मग?”

“तुमच्याशीं. तुम्ही घरीं बसलात आणि रोजचें भांडण सुरू जाहलें. विनायकास म्हटलें, देवा, आठवड्यांत एक दिवस ह्यांच्याशीं बोलणार नाहीं, तेवढीच माझ्या डोक्यास विश्रांती.”

“म्हणजे नवस मोडला नाहीं?”

“कसा मोडेल? सोमवारीं एक शब्द तरी बोललें काय तुमच्याशीं?”

सारांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण ते गंभीरपणे म्हणाले, “देवाचें काम. त्यांत खंड नको.”

“रागावला नाहींत?” तिलाही हायसं वाटलं होतं. “इतके समजून घेतां, तर गुरुवारही धरूं काय?”

“तुझी मर्जी,” सार म्हणाले, जमेल तितक्या दुःखी आवाजात.