खवले मांजर आणि पाणवठ्याची यादी

एका जंगलात, बाळांनो, उन्हाळा इतका कडक पडला की सगळे डोह आटले. एकच पाणवठा उरला. महाराज सिंहांनी त्याला काटेरी कुंपण घातलं आणि फाटकावर तरसाला बसवलं.

कोणी कधी प्यायचं हे ठरवायला धोंडोपंत वानर नेमले गेले. पंतांकडे एक यंत्र होतं. पंतांनी सगळ्या प्राण्यांची नावं एका फाईलमध्ये लिहिली, एका ओळीत एक प्राणी. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिनं फाईल उघडायची, एकेक नाव उचलायचं आणि कर्ण्यावरून पुकारायचं. ज्याचं नाव पुकारलं, त्यानं जाऊन पाणी प्यायचं.

"वाघ," कर्णा म्हणाला. वाघ गेला. "ससा." ससा गेला.

"रान."

आता रान म्हणजे कोण? सगळेच उठले. फाटकाशी ही गर्दी झाली. पाठोपाठ "डुक्कर" अशी हाक आली आणि गावातलं एक डुक्कर येऊन पाणी पिऊन गेलं. पंतांनी यादीत रान डुक्कर असं सुटं लिहिलं होतं. स्क्रिप्टला मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं वाटे.

रानडुक्कर पंतांना भेटलं. काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण रानडुकराला सुळे असतात. त्याचं नाव लगेच जोडून लिहिलं गेलं.

त्याच यादीत खवले मांजर होतं. त्याला सुळे नव्हते. दातसुद्धा नव्हते. कोणी रागावलं की अंगाचं वेटोळं करून बसायचं, एवढंच त्याला येई.

"खवले," कर्णा म्हणाला. खवले मांजर लगबगीनं फाटकाशी गेलं.

"पूर्ण नाव?" तरसानं विचारलं.

"खवले मांजर."

"पुकारा फक्त खवलेचा आहे. बाजूला हो."

"मांजर," कर्णा म्हणाला. गावातली एक मांजर तरसाला वळसा घालून आत शिरली आणि निवांत पाणी पिऊन आली.

"बाई, ते माझं पाणी होतं," खवले मांजर म्हणालं.

"असेल," मांजर मिशा पुसत म्हणाली. "हाक आली, मी आले. न जाणं बरं दिसत नाही."

असे चार दिवस गेले. खवले मांजराची जीभ चांगली हातभर लांब, ती सुकून दोरीसारखी झाली. ते पंतांकडे गेलं.

"पंत, तुमची स्क्रिप्ट माझं नाव तोडते. तिला ओळ संपेपर्यंत वाचायला सांगा ना."

"स्क्रिप्ट बरोबर आहे," पंत म्हणाले. "नावात मोकळी जागा तुम्ही ठेवलीत. अर्धं नाव सोडून द्या."

"कोणतं अर्धं?"

पंतांनी विचार केला. "खवले ठेवलंत तर मासे हक्क सांगतील. मांजर तर आधीच येते आहे. असं करा, अर्ज द्या. पण अर्जसुद्धा फाईलमध्येच हवा."

खवले मांजरानं अर्ज लिहिला. मी तहानलेले आहे. पंतांनी तो स्क्रिप्टला वाचायला दिला.

"मी," कर्णा म्हणाला.

खवले मांजर उठायच्या आत महाराज उठले होते. "मी म्हणजे मीच," ते तरसाला म्हणाले. तरसानं फाटक उघडलं. महाराज पोटभर पाणी प्याले आणि प्रसन्न झाले.

"अर्ज कोणाचा होता? फार चांगला होता. त्याचं काम करून टाका."

झालं. पंतांनी यंत्राला आज्ञा दिली की यादी वाच, तीतलं खवले मांजर हे सुटं नाव एकत्र जोड आणि नवी यादी जुन्या यादीच्याच फाईलमध्ये लिही. यंत्र आज्ञाधारक होतं. लिहायला जागा हवी म्हणून त्यानं आधी फाईल पुसली. मग वाचायला घेतली. तीत काहीच नव्हतं. तेच त्यानं मन लावून जोडलं आणि लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कर्णा गप्प. पडद्यावर फक्त एवढंच आलं: यादी वाचून झाली, चुका शून्य.

"माझं नाव?" महाराजांनी विचारलं.

"यादीत नाही, महाराज," तरस म्हणाला. त्याचाही घसा कोरडा पडला होता. "माझंही नाही."

दुपार झाली. सगळे कुंपणाबाहेर पाण्याकडे बघत उभे होते. फाटक मोडावं असं कोणाला वाटलं नाही, कारण चूक कुठेच झालेली नव्हती.

खवले मांजराला आता उभंही राहवेना. ते सुकलेल्या ओढ्यात उतरलं. पुढच्या नख्यांनी वाळू उकरू लागलं. वारुळं उकरायची सवय, दुसरं काही येत नव्हतं. कमरेइतका खड्डा झाला, मग डोक्याइतका. वाळू ओली लागली. झिरा फुटला. ते पाच दिवसांचं पाणी एका दमात प्यालं आणि तिथेच वेटोळं करून झोपी गेलं.

पाण्याचा वास सगळ्यांना आला. सगळे धावले, हवं तेवढं प्याले. रांग नाही, हाक नाही.

"हा झिरा कोणी खणला?" महाराजांनी विचारलं.

पंतांनी फाईल उघडून पाहिली. "कोणाचीच नोंद नाही, महाराज. म्हणजे स्क्रिप्टनंच काढला असणार."

पंतांना तिथल्या तिथे शेला आणि नारळ मिळाला. संध्याकाळपर्यंत झिऱ्याभोवती कुंपण झालं. खवले मांजर आतच झोपलेलं होतं.

तात्पर्य: तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं मोठी माणसं सांगतात. बाळांनो, तहान लागल्यावरच खणावी. आधी खणली तर तिची यादी होते.