आरशाला पोट नसतं

आमच्या शेजारच्या शिवरामअण्णांकडे तुम्ही गेलात, तर ते तुमच्याकडे पाठ करून बोलतील. रागावू नका. पडवीच्या खांबाला त्यांनी मोडीत निघालेल्या एका ट्रकचा आरसा ठोकलाय, आणि रस्त्याकडे पाठ करून, त्या आरशात बघत ते खुर्चीत बसतात.

"समोरून येणारा तोंड सावरून येतो, मास्तर," असं त्यांचं म्हणणं. "कोण बघत नाय असं वाटलं, की माणूस खरा दिसतो."

मी शाळामास्तर. वीस वर्षं त्यांच्या शेजारी राहतोय, आणि अजून मला ते आधी आरशात बघतात, मग वळून 'या' म्हणतात. मी काय त्यांचे फणस चोरायला जातो? पण संशय हा अण्णांचा श्वास आहे. "कुठेतरी पाणी मुरतंय" हे वाक्य दिवसातून निदान दहादा. भाजी स्वस्त मिळाली, पाणी मुरतंय. पुतण्याने वाकून नमस्कार केला, तर नक्कीच मुरतंय. आमच्या रत्नागिरीच्या कातळावर पडलेलं पाणी थेट समुद्राला जाऊन मिळतं. ते मुरतं फक्त अण्णांच्या डोक्यात.

अण्णा ट्रक ड्रायव्हर. रत्नागिरीहून मासळीचा माल घेऊन आंबा घाट चढायचा, कोल्हापूरला उतरवायचा, परत यायचं. उभ्या आयुष्यात गाडीला ओरखडा नाही. आणि एक दिवस शेठने नवी गाडी आणली. तिला आरसेच नव्हते! दोन्ही बाजूंना कानासारखे कॅमेरे, आणि आत समोरच्या काचेच्या दोन कडांना दोन उभे स्क्रीन. मागचं सगळं त्या स्क्रीनवर बघायचं.

अण्णा गाडीभोवती फिरले, दाराच्या फटीत बघितलं, आणि घरी येऊन मला म्हणाले, "आरसे काढले, मास्तर. कुठेतरी पाणी मुरतंय. आरशाला पोट नसतं. आरसा बघतो नि सोडून देतो. कॅमेरा गिळतो."

"गिळून काय करणार तो?"

"शेठला नेऊन दाखवणार. मी कुठे चहा घेतला, कुठे थुंकलो."

मग रोज नवीन तक्रार. स्क्रीन खोटं दाखवतो. मागची एसटी धुरकट दाखवतो. मुद्दाम धुकं सोडलंय आत. अण्णांनी स्क्रीन पुसला, फुंकर मारली, बायकोच्या, शेवंतीवहिनींच्या जुन्या लुगड्याने घासला. शेवटी त्यांना एक युक्ती सापडली. सीट मागे सरकवली, की धुकं थोडं विरायचं. आणखी मागे, आणखी विरायचं. पार मागे नेली तेव्हा एसटी लख्ख दिसली, पण पाय ब्रेकपर्यंत पोहोचेना!

शेठने हे बघितलं आणि सरळ सांगितलं, "अण्णा, जुनी गाडी विकली. दिवाळीपर्यंत हिच्याशी जमवा, नाहीतर घरी बसा."

घरी बसायच्या कल्पनेनेच अण्णांचा चेहरा उतरला. छप्पन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण ठेवणार? त्या दिवशी पडवीत ते आरशात न बघताच बसले होते. मला खरंच वाईट वाटलं. तेवढ्यात त्यांनी पेपर उचलला, आणि तो हात ताठ करून इतका लांब धरला की माझ्याच नाकाला लागला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अण्णा, चला. डोळे तपासायचे."

"माझे? अहो, पूर्णगडच्या समुद्रातल्या होड्या मोजून दाखवतो मी!"

तरी डोळ्यांच्या दवाखान्यात ओढत नेलं. तिथे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघून अण्णा मला कुजबुजले, "खाली खाली अक्षरं बारीक करत नेल्यानी. शेवटच्या ओळीत काय लपवलानी असेल?" पण वाचली सगळी. लांबचं दिसण्यात खोट नव्हतीच. डॉक्टरीणबाईंनी जवळचा कागद हातात दिला, आणि अण्णांचा हात पुन्हा ताठ झाला.

बाईंनी शांतपणे समजावलं. "काका, आरसा हाताशी असला तरी त्यातली लांबची गाडी डोळ्याला लांबचीच वाटते. तुमचा डोळा लांबचं छान बघतो. स्क्रीनवरचं चित्र मात्र काचेवरच असतं, हातभरावर. तिथे तुमचा डोळा पोहोचत नाही. चाळिशी लागली तुम्हाला."

"चाळिशी? छप्पन्नाव्या वर्षी?" अण्णा माझ्याकडे वळले. "बघा मास्तर, मुरतंय का नाय?"

बाईंनी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मागवलं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सुंभाचा तुकडा गाठ मारून नेऊन दिला. त्या मापाने चष्मा झाला, वर रस्त्यासाठी, खाली स्क्रीनसाठी. स्क्रीन बघायला हनुवटी जरा वर करावी लागते. चष्म्याची सवय होईस्तोवर अण्णा वाडीतही तसेच हिंडायचे. नवी गाडी मिळाली तर मेल्याची मान वर झाली, असं लोक म्हणाले.

चष्मा घालून माल भरायला ते पहिल्यांदा निघाले, तेव्हा मला हातखंब्याला जायचं होतं, म्हणून मीही केबिनमध्ये चढलो. शेवंतीवहिनींनी डबा माझ्याकडे दिला, पाण्याची बाटली माझ्या पायाशी ठेवली आणि रोजच्यासारख्या बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, उभ्या राहिल्या. अण्णा निघाले की हसून हात हलवायचा, हे लग्न झाल्यापासूनचं. अण्णा तिकडे बघतसुद्धा नाहीत, असं मला आजवर वाटायचं. पण त्यांची हनुवटी वर गेली, आणि माझ्या बाजूच्या स्क्रीनवर वहिनी स्वच्छ दिसल्या, हसणाऱ्या.

"दिसते," अण्णा हळूच म्हणाले. "आरशात वळणापर्यंत दिसायची. वळलं, की नुसता गाडीचा पत्रा."

गाडी वळली. आता पत्रा दिसायला हवा होता. पण हा कॅमेरा वळणावर बाहेरच्या अंगालाही बघत होता. बेडं अजून दिसत होतं. वहिनींना वाटलं, गाडी गेली. त्यांचा हात खाली आला, हसू गेलं. त्या तिथल्याच दगडावर बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

अण्णांनी ब्रेक दाबला.

"मास्तर, ही रोज अशी बसते?"

"रोज. घाट चढून तुमचा फोन येईपर्यंत घास घेत नाहीत."

"मला कधी बोलली नाय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "इतकी वर्षं मी कॅमेऱ्यावर संशय घेत बसलो. नि पाणी आरशातच मुरत होतं."

त्यांनी रिव्हर्स गिअर टाकला. हनुवटी वर, नजर स्क्रीनवर, तेवढी लांब गाडी त्यांनी वळणातून सरळ मागे आणली. वहिनी धडपडून उठल्या, पदर सारखा केला.

"काय झालं? का परत आलात?"

"डबा विसरलो."

"डबा मास्तरांच्या मांडीवर हाय की."

अण्णा माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. "मग पाणी विसरलो," म्हणाले, आणि दार उघडून खाली उतरले. वहिनी पाणी आणायला घरात वळल्या, तसे तेही त्यांच्या मागोमाग घरात गेले.

बाटली माझ्या पायाशीच होती. मी ती पायानेच सीटखाली सरकवली.