फ्लॉप्यांचा राखणदार

"थांब, फ्लॉपी मी देतो," असं निवृत्त हेडक्लार्क बायकोला म्हणाले, तेव्हा त्यांची छाती चांगली चार बोटं फुगली होती. कोऱ्या फ्लॉप्यांचा तो पत्र्याचा डबा हलवा म्हणून ती बावीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती. तिला तिथे दोऱ्याची रिळं ठेवायची होती. "अगं, लागेल कधीतरी," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आता लागला होता. बायकोने सेकंडहँड भरतकामाचं मशीन घेतलं होतं आणि ते नक्षी फक्त फ्लॉपीवरून उचलायचं. शाळेच्या साठ स्वेटरांवरचे बिल्ले सोमवारी द्यायचे होते. तिची पहिलीच ऑर्डर, आणि बाजारात फ्लॉपी औषधालाही नाही.

हेडक्लार्कांनी डब्याचं सील फोडलं. (सीलवर त्यांचीच सही होती, तरी फोडण्यापूर्वी त्यांनी ती ताडून पाहिली.) आत नऊच निघाल्या.

"दहावी कुठे गेली?"

"आधी या नऊ तर बघा," बायको म्हणाली.

मशीन बसवून द्यायला आलेल्या मेकॅनिकने एकेक घालून पाहिली. नऊच्या नऊ मशीनने परत केल्या.

"जुन्या झाल्या का रे?" हेडक्लार्कांचा आवाज खोल गेला होता.

"नीट ठेवल्या तर तीस-तीस वर्षंही टिकतात, काका." मेकॅनिकने झाकण उचललं. त्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी होती, आणि ती पडू नये म्हणून जुन्या स्पीकरमधलं दणदणीत लोहचुंबक बसवलेलं. "फ्लॉपीला पाण्यापेक्षा याची भीती. तुम्ही चोरालाच राखणीला बसवलंत."

हेडक्लार्कांना फार वाईट वाटलं. डब्याचं नव्हे, तिच्या ऑर्डरचं. "माझ्यामुळे गेलं गं तुझं काम," ते म्हणाले.

बायको वाकली आणि शिवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखालून तिने एक फ्लॉपी ओढून काढली. "तुम्ही सील लावलंत ना, त्याच्या आदल्या दिवशी घेतली होती. टेबल डुगडुगत होतं."

मेकॅनिकने ती फुंकर मारून पुसली, तिच्यावर नक्षी उतरवली आणि मशीनमध्ये सरकवली. दिवा लागला. सुई टकटक चालू लागली आणि बघता बघता पहिला बिल्ला उमटला. बायकोचा चेहरा असा खुलला की हेडक्लार्क बावीस वर्षांचा हट्ट विसरले.

तेवढ्यात टेबल डुगडुगायला लागलं.

"त्या नऊतली एक द्या बरं इकडे," ती म्हणाली.

हेडक्लार्कांनी दिली. पायाखाली ती पहिल्या झटक्यात चालली.