ताईंच्या घरची घरभेट

सोमवारी सकाळी दहा वाजता ताईंनी स्वतःच्या घरातल्या सगळ्या दारांची रुंदी टेपने मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली. मग स्वयंपाकघराच्या दारातून चाकाची खुर्ची जाणार नाही, असं नवऱ्याला बजावलं. नवरा, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर, वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. आपल्याकडे चाकाची खुर्ची नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

असं घरी अडकून पडण्यात दोष तसा ताईंचाच होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला देणारी संस्था काढली. वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या. वापरा, गरज संपली की परत आणा. दोन खोल्या आणि मागे एक शेड. किल्ल्या ताईंकडे, निर्णय ताईंकडे आणि कुठल्या खुर्चीचं कुठलं चाक कुरकुरतं तेही ताईंच्याच डोक्यात. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं केंद्र निघावं, हा त्यांचा ध्यास होता. पण ताई एकच, त्या दोन ठिकाणी कशा पुरणार? म्हणून त्यांनीच चार पत्रं लिहून, एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या साहेबांना मदतीला बोलावलं. साहेब आले, दिवसभर कोपऱ्यात बसले आणि संध्याकाळी म्हणाले की आज तुम्हाला त्र्याण्णव हाका आल्या, त्यातली एक चहात साखर किती टाकू यासाठी होती. मग त्यांनी अट घातली. आठ दिवस ताईंनी संस्थेत पाऊल टाकायचं नाही आणि फोनही करायचा नाही. जमलं तर वर्षभर राहून दुसरं केंद्र उभं करून देईन, नाही जमलं तर नमस्कार.

"आठ दिवस ना? आरामात," असं ताई म्हणाल्या होत्या. आपला मोबाईलही त्यांनी मास्तरांच्या कपाटात ठेवून दिला.

मंगळवारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर लावले. मास्तरांनी साखर घेतली तर नोंद कुठे केली म्हणून विचारलं. ताईंच्या पायाला नुसती भिंगरी लागली होती. तिकडून कोणीतरी धावत येईल, दार वाजवेल, काहीतरी अडलंय म्हणेल, म्हणून कान सारखे जिन्याकडे. कोणी आलं नाही. बुधवारी त्यांनी मास्तरांना पिशवी देऊन संस्थेवरून चक्कर मारायला पाठवलं. मास्तरांनी परत येऊन सांगितलं की दार उघडं आहे, चार-पाच माणसं बसली आहेत आणि आत कोणीतरी हसत होतं.

"हसत होतं? तिथे हसण्यासारखं आहे काय?"

खरं सांगायचं तर ताई घाबरल्या होत्या. आपल्यावाचून सगळं कोलमडेल ही एक भीती होती. कोलमडणार नाही ही दुसरी, आणि ती जास्त मोठी होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी डोकं लढवलं. मास्तरांनी आवाज बदलून फोन करायचा, पाय मुरगळलाय, वॉकर हवा, असं सांगायचं आणि पत्ता ताईंच्या धाकट्या बहिणीचा द्यायचा. म्हणजे फोनवर नीट प्रश्न विचारतात की नाही ते कळेल. वस्तू देण्याआधी घरी जाऊन रुग्णाला बघायचं, हा संस्थेचा नियम होता, पण घरभेटी आजवर ताईंनीच केल्या होत्या. ताई घरी म्हणजे घरभेट बंद, असा त्यांचा सरळ हिशेब. मास्तर आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांनी घाम पुसत फोन केला, सगळं सांगितलं, ठेवला आणि पांढरेफटक पडले.

"पत्ता विचारला आणि तोंडातून आपलाच गेला. चाळीस वर्षं तोच सांगतोय ना."

ताई दोन पावलं पुढे आल्या. "मग? तिकडून काय म्हणाले?"

"दोन तासांत घरभेटीला येतो म्हणाले."

आता माघार घ्यायची सोय नव्हती. पाय धडधाकट दिसला तर अट गेली, साहेब गेले आणि दुसरं केंद्रही गेलं. ताईंनी मास्तरांना खाटेवर आडवं केलं आणि डाव्या पायाला पट्टी बांधायला घेतली. हातांना चार दिवसांनी काम मिळालं होतं. त्यांनी ती अशी आवळून बांधली की मास्तर कळवळले. तसंच तोंड ठेवा, असं ताईंनी सांगितलं.

बाराच्या ठोक्याला रजिस्टरबाई आली. संस्थेतलं सामान तीच सांभाळायची, आणि हातातून रजिस्टर सुटत नाही म्हणून तिला हे नाव पडलं होतं. अकरा वर्षांत तिने ताईंना विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडली नव्हती. मागून साहेब आले आणि खुर्चीत गप्प बसले. संस्थेच्या कामात बोलायचं नाही, म्हणून ताई तोंडात मिठाची गुळणी धरून भिंतीला टेकल्या.

रजिस्टरबाईने मास्तरांना आधार देऊन उभं केलं आणि मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरला. मास्तर अनवाणी होते. अनवाणी माप घेतलं की वॉकर आखूड पडतो, हे ताईंनी तिला शंभरदा सांगितलं होतं. ताईंचे हात शिवशिवले, ओठ हलले. तेवढ्यात रजिस्टरबाई थांबली आणि म्हणाली, "मास्तर, चप्पल घाला आधी." ताईंना बरं वाटलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं.

मग तिने फॉर्म काढला. "घरात काळजी घ्यायला कोणी आहे?"

"आहे," मास्तर म्हणाले. "आठ दिवसांपुरतं."

साहेब खोकले. रजिस्टरबाईने ते लिहून घेतलं आणि पट्टीची गाठ सोडायला घेतली. ताई भिंतीपासून सुटल्या. राहू दे, दुखेल त्यांना, असं पुटपुटल्या.

"नुसती पट्टी बघून फसायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय, ताई," ती खाली बघत म्हणाली.

पट्टी सुटली. पाय छान होता. रजिस्टरबाईने घोटा दाबून बघितला, दुसऱ्या घोट्याशी ताडून बघितला. मग फॉर्मवर तिने ठळक अक्षरात लिहिलं, "गरज नाही. अर्ज नामंजूर." कुणालाही न विचारता.

ताईंनी सुटलेली पट्टी उचलून गुंडाळायला घेतली. साहेब उठून त्यांच्याजवळ आले.

"निवृत्त झाल्यावर तिसऱ्या दिवशी मीही माझ्या ऑफिसात फोन केला होता," ते हळूच म्हणाले. "स्वतःच्या आवाजात. कोण बोलतंय, म्हणून विचारलं त्यांनी. तुमचा निदान पत्ता तरी हिने ओळखला." मग त्यांनी आवाज चढवला. "फोन मास्तरांनी केला आणि घरी आम्ही आलो. अट काही मोडलेली नाही. सोमवारी दुसऱ्या केंद्रासाठी जागा बघायला जाऊ. संस्थेतलं ही बघेल."

मास्तरांना इतका आनंद झाला की पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला ते ताडकन उठले. पण दोन तास आवळलेला पाय पार बधिर झाला होता. उंबऱ्याशी तो वाकडा पडला, आणि पाहुणे जिना उतरून जाईपर्यंत मास्तर तसेच चौकट धरून हसत उभे होते. गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा कुठे ते ओरडले. पाच मिनिटांत घोटा टम्म सुजला.

आता खरोखर वॉकर हवा होता. ताईंनी फोन करायचा नव्हता, म्हणून पुन्हा मास्तरांनीच केला. ताई कान लावून शेजारी उभ्या. रजिस्टरबाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, आजचा अर्ज नामंजूर झालाय. नवा अर्ज उद्या सकाळी घेऊ. घरभेट होईल. पट्टी बांधू नका."

ताईंचा चेहरा लाल झाला. आता ही बया माझ्याच नवऱ्याला लंगडत ठेवणार, असं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मीही नसता दिला."

"आणि उद्यापर्यंत मी काय करू?"

"मी आहे ना," ताई म्हणाल्या. खाटेवर बसून त्यांनी मास्तरांचा पाय मांडीवर घेतला. सोमवारपासून त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.