मन्मथअप्पांच्या चुली

मन्मथअप्पांच्या घरात कुणी जांभई दिली, तर ते त्याला सरळ अंगणात काढतात. "तोंड मिटा नाहीतर बाहेर व्हा. दुसऱ्याच्या वाट्याची हवा कशाला वढायलाय?"

पालमच्या शाळेत त्यांनी जन्मभर आम्हाला विज्ञान शिकवलं. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि तोंडात एकच विषय, पेशी. "पेशीपेशीत चूल हाय रे. भाकरीतली साखर ते सरपण, ऑक्सिजन ती फुंकणी. जाळ झाला की ताकद." वर्गात डुलकी घेणाऱ्याला विचारत, "चुली इझल्या का?" माझ्या लग्नात त्यांनी 'तुमच्या लाखो चुली पेटत्या राहोत' असा आशीर्वाद दिला. घरात एकच चूल राहावी म्हणून धडपडणारी आमची आई बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग अप्पांच्या बायकोची, आमच्या काकूंची, फुफ्फुसं गेली. नाकात नळी आली, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं. आता हे बरं होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

तेव्हापासून अप्पा बायकोच्या खोलीचे राखणदार झाले. एका वेळी एकच पाहुणा आत, तोही हडकुळा. लठ्ठ व्याह्यांची भेट त्यांनी खिडकीतूनच उरकली. गाव हसलं, मीही हसलो.

पण ते स्वतःही आत जाईनात. अंगानं थोराड माणूस, दिवसभर ओसरीवर बसून. "माह्या चुली लय खादाड हायेत. तिच्या तोंडचा घास काढून खाऊ का?"

याचा मात्र मला राग यायचा. दार उघडं असल्यावर हवा संपत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना, असं एकदा विचारलंसुद्धा.

"शिकवणं येगळं असतंय," एवढंच बोलले.

परवा शेवग्याच्या शेंगा द्यायला गेलो. काकूंचे ओठ निळे पडले होते. आता फार दिवस नाहीत, हे कुणीही ओळखलं असतं. थांबत थांबत त्या म्हणाल्या, "त्यानला सांग... हितं हवा लय हाय. माणूस न्हाई."

मी बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. अप्पा उठले. आत गेले, खाटेवर टेकले आणि त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. काकूंनी समाधानानं डोळे मिटले.

मला वाटलं, अप्पा आता रडतील. पण त्यांचा चेहरा लालबुंद होत चालला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. ते श्वास रोखून बसले होते.