रविवारची दशमी

अल्पसंख्याक व्हायलाही संख्या लागते, आणि ती जपायची तर समिती लागते. मिझोराममध्ये ऐझॉलच्या एका उतारावर गोरखा हिंदूंची चौदा घरं आणि समित्या तीन. (साधा सभासद औषधालाही सापडत नाही. सगळे पदाधिकारी.)

यंदा दशैंची, म्हणजे नेपाळी दसऱ्याची, दशमी नेमकी रविवारी आली. रविवारी तिथे पानाची टपरीसुद्धा उघडत नाही, सारं गाव चर्चमध्ये. मग ढोल वाजवायचा कसा? पहिल्या समितीने शेजारधर्म म्हणून शनिवार धरला, दुसरीने स्वधर्म म्हणून रविवार, तिसरीने सुवर्णमध्य म्हणून सोमवार. इतर वारी लावलेला टिळा हा नुसता दहीभात समजावा, असंही तिघींनी जाहीर केलं.

वस्तीतला पहिला टिळा दरवर्षी पवित्रा बोजूंच्या, म्हणजे आजींच्या, हातचा, कारण सगळ्यांत थोरल्या त्याच. त्यांनी घटाचं धान रुजवलं, तांदळाच्या पिठाच्या कडीएवढ्या गोल सेलरोट्या तळल्या, दही-तांदूळ लाल रंगात कालवले. नातू डंबर हा दुसऱ्या समितीचा अध्यक्ष. तो विचारायला आला, "बोजू, तुमचा वार कोणता?"

"कधीही या रे मेल्यांनो! पौर्णिमेपर्यंत चालतो टिळा."

ही फितुरी असल्याचं तिन्ही समित्यांचं मत पडलं. त्यामुळे शनिवारी कुणी आलं नाही, रविवारी नाही, सोमवारीही नाही. धानाने मान टाकली, दही आंबलं. बोजूंना रडू आलं. (हा विषय कोणत्याही समितीच्या अखत्यारीत येत नव्हता.)

सोमवारी संध्याकाळी शेजारचे पु (मिझोतले श्रीयुत) झोलियाना, चर्चमधले वडीलधारे, डोकावले. "बोजू, घरात कुणी गेलं का? तीन दिवस आवाज नाही. काल तुमच्या ढोलासाठी आम्ही गाण्याचा सराव सकाळीच उरकला."

"गेलं नाही रे बाबा कुणी. आलंच नाही."

झोलियानांनी ताटाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि डोकं वाकवलं. "लावा पटकन. पाळकसाहेब वळणावर आहेत."

दुसऱ्या दिवशी तिन्ही समित्यांची कित्येक वर्षांनी संयुक्त बैठक झाली. परधर्मीयाला टिळा लावल्याचा निषेध एकमताने मंजूर होऊन अख्खी वस्ती बोजूंच्या दारात आली. डंबरने कागद उलगडला.

"आलात एकदाचे! चपला काढ, वाक." त्याने घसा खाकरायच्या आत आंबट टिळा त्याच्या कपाळावर बसला. मागे सवयीने वयानुसार रांग लागली. निषेध तेवढा वाचायचा राहिला.

आता, मंगळवारच्या टिळ्याला शास्त्राधार आहे का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर चौथ्या समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे. अर्ज करायची गरज नाही, आपली निवड झाली आहे.